क्रीडासंकुलातली कासवं

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या निसर्ग संग्रहालयाचे माननीय संचालक सर. कामाच्या धबडग्यातून वेळ काढून आलेले प्रमुख पाहुणे, शहर बांधकाम विभागाचे मुख्य अभियंता साहेब. ज्यांच्या निरोपासाठी आपण सगळे जमलो आहोत त्या पडताळणी विभागाच्या प्रमुख, आमच्या मॅडम. समोर बसलेले माझे सहकारी. आणि खुर्च्या कमी पडल्या म्हणून मागे भिंतीला टेकून उभे असलेले आपले निरीक्षक, ज्यांना कार्यक्रमपत्रिकेत 'इतर' असं म्हटलं आहे, त्या सर्वांना माझा नमस्कार.

कनिष्ठ कर्मचाऱ्यांच्या वतीने मी दोन शब्द बोलावेत असं ठरलं आहे. दोन शब्दांत ते मावणार नाही, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर कुणी म्हणायला नको. माझा आवाज कापतोय तो रागाने. थोडा भीतीनेही कापतोय. निघताना आईने दारातच बजावलंय, "कुणाला टोचून बोलू नकोस. चार चांगली वाक्यं बोल आणि खाली बस. नोकरी आहे आपली." आमच्या घरात शाळेची पायरी चढलेली मी पहिली, त्यामुळे माझी नोकरी माझ्या एकटीची नसते, ती 'आपली' असते. म्हणून चार चांगली वाक्यं आधी. ती मनापासूनची आहेत.

पाहुण्यांना आमचं काम थोडक्यात सांगायला हवं. या शहरातल्या कुणालाही, फिरायला गेलेल्या, बसची वाट बघत उभ्या असलेल्या, बाळाला गॅलरीत घेऊन बसलेल्या कुणालाही एखादा पक्षी, साप, फुलपाखरू दिसलं, की ती व्यक्ती फोनवर फोटो काढते आणि काय दिसलं, कुठे दिसलं, केव्हा दिसलं ते आपल्या संकेतस्थळावर टाकते. अशा पाठवणाऱ्यांना आम्ही निरीक्षक म्हणतो. त्यांनी पाठवलेलं आम्ही तपासतो. पटलं तर नकाशावर एक ठिपका उमटतो. तो नकाशा सगळ्यांना खुला. शाळेतल्या मुलीने प्रकल्पासाठी घ्यावा, दूरच्या विद्यापीठातल्या संशोधकाने घ्यावा, रस्ता आखणाऱ्या अभियंत्याने घ्यावा. कुणाची परवानगी नको, कुणाची ओळख नको. लोकांनी दिलेलं आहे, लोकांसाठी आहे.

आणि तपासणं म्हणजे काय, ते मॅडमकडून शिकावं. एका काकांनी गच्चीवरचा फोटो पाठवला आणि खाली लिहिलं, 'बिबट्या'. आम्ही पोटं धरून हसत होतो. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी उत्तर टाकलं, 'फोटोत प्राण्याशेजारी एक कुंडी दिसते. कृपया कुंडीची उंची कळवावी.' दुसऱ्या दिवशी काका कुंडीच घेऊन हजर. मातीसकट! मॅडमनी पट्टी काढून कुंडी मोजली, काकांना चहा दिला, आणि फोटोतलं मांजर हे मांजरच कसं, ते त्यांना शांतपणे समजावून सांगितलं. काका आज आले आहेत. राहू द्या काका, हात नका वर करू. आता त्यांच्या गच्चीवर येणाऱ्या घुबडांचे ठिपके आपल्या नकाशावर आहेत, आणि प्रत्येक फोटोत कुंडी आवर्जून असते.

मॅडम आम्हाला सांगायच्या, "दिसलं ते एका रकान्यात लिहा, वाटलं ते दुसऱ्या रकान्यात. दोन्हीची सरमिसळ केलीत तर मी घरी पाठवीन." मी आजही तसंच बोलणार आहे. जे मी पाहिलं ते 'पाहिलं' म्हणून सांगेन. जे नुसतं वाटतं ते 'वाटतं' म्हणून.

झाली चार वाक्यं. जास्तच झाली.

आता अध्यक्ष महोदयांच्या मघाच्या भाषणातलं एक वाक्य मला पडताळणीसाठी परत पाठवायचं आहे. सर म्हणाले, मॅडम स्वेच्छेने, मुदतीच्या आधी, विश्रांतीसाठी निवृत्त होत आहेत. मी काय पाहिलं ते सांगते. मॅडम संचालकांच्या खोलीतून बाहेर आल्या. हातात कागद होता. जागेवर बसून त्यांनी चष्मा शोधला, टेबलावर, पर्समध्ये, खणात, आणि चष्मा डोळ्यांवरच होता. मी विचारलं, "मॅडम, काय झालं?" म्हणाल्या, "काही नाही. सही केली." एवढंच मी पाहिलं. विश्रांतीला निघालेलं माणूस असं दिसतं का, हे तुम्हीच सांगा. मला काय वाटतं ते दुसऱ्या रकान्यात आहे, आणि तो रकाना तुम्हाला सगळ्यांना वाचता येतोय.

सूत्रसंचालक दादा, तुम्ही उगाच पुढे सरकताय. मी आत्ता कुठे सुरुवात केली आहे.

सही का करावी लागली, ते सांगायचं तर कासवांपासून सुरुवात करावी लागेल. आपल्या शहराच्या मधोमध तळं आहे. त्याच्या पूर्वेच्या काठाला रेताड उतार आहे. त्या उतारात मऊ पाठीची कासवं अंडी घालतात. हे संग्रहालयाने शोधलेलं नाही. रोज तिथे फिरायला जाणाऱ्यांनी, काठावर डबा खायला बसणाऱ्यांनी, शाळेची बस लावून मुलांची वाट बघणाऱ्या ड्रायव्हरकाकांनी ते पाहिलं आणि वर्षानुवर्षं आम्हाला पाठवलं. जवळ जवळ सगळे इथे, त्या भिंतीपाशी उभे आहेत.

पण ही जागा नकाशावर जशीच्या तशी दाखवायची नाही, असा आमच्या विभागाचा नियम आहे. त्यालाही कारण घडलं. पूर्वी गावाबाहेरच्या एका डबक्यातली कासवं आम्ही बिनचूक ठिपक्याने दाखवली होती. नकाशा खुला, ठिपका बिनचूक, मग काय! पकडणारे पोती घेऊन आले आणि डबकं रिकामं करून गेले. तेव्हापासून मॅडमनी ठरवलं, ज्या प्राण्याला माणसापासून धोका आहे त्याच्यावर पडदा टाकायचा. म्हणजे त्याचा ठिपका मुद्दाम सरकवायचा, आसपासच्या मोठ्या चौकोनात कुठेही. आणि प्रत्येक अशा ठिपक्याखाली स्वच्छ लिहायचं: 'ही जागा सुरक्षेसाठी हेतुपुरस्सर बदललेली आहे.' खरी जागा दोघांकडेच. विभागाकडे, आणि ज्याने पाहिलं त्याच्याकडे. खरी जागा कुणाला सांगायची याचा पहिला हक्क पाहणाऱ्याचा. हा नियम आपल्या संकेतस्थळावर पहिल्याच पानावर आहे आणि संचालक सर दर परिषदेत तो अभिमानाने वाचून दाखवतात.

यंदा त्या पूर्वेच्या काठाला काँक्रीटची भिंत बांधून वर फरसबंदी करायचं ठरलं. बाकं, दिवे, कारंजं. बांधकाम विभागाने सल्लागार नेमले. सल्लागारांनी आपला खुला नकाशा उतरवून घेतला. घ्यावा की! त्यासाठीच तो आहे. पण उतरवताना त्यांनी ठिपके तेवढे घेतले आणि खालचं वाक्य गाळलं. प्रत्येक ठिपक्याखालचं तेच वाक्य, एकूण एक गाळलं.

मग अहवाल आला. मी तो जसाच्या तसा वाचते: 'मऊ पाठीच्या कासवांचा वावर प्रामुख्याने क्रीडासंकुल, कापड बाजार व बहुमजली वाहनतळ या परिसरात आढळतो. तळ्याच्या पूर्व काठावर त्यांचे अस्तित्व नाही.'

हसा. साहेब, तुम्हीसुद्धा हसलात, मी पाहिलं. मलाही पहिल्यांदा हसूच आलं होतं. बहुमजली वाहनतळ! कासव तिकीट फाडून तिसऱ्या मजल्यावर जातं का? एवढ्या मोठ्या विभागात, एवढ्या टेबलांवरून तो अहवाल फिरला, प्रत्येकाने कोपऱ्यात सही केली, आणि एकालाही विचारावंसं वाटलं नाही की बाबा रे, पाण्यात राहणारा प्राणी कापड बाजारात काय करतोय?

उलट अहवालातली शिफारस अमलात आणली. क्रीडासंकुलाच्या फाटकाशी पिवळा फलक लागलाय, 'कासवांचा वावर, वाहने सावकाश हाका'. वर कासवाचं चित्र. मी रोज बसमधून तो बघत ऑफिसला येते. आपल्या एका निरीक्षकाने त्या चित्राचाच फोटो काढून नोंद पाठवली: 'कासव, क्रीडासंकुल, उभं, हालचाल नाही.' मॅडमनी त्यालाही उत्तर लिहिलं, 'विनोद पोहोचला. नोंद नाकारण्यात येत आहे.'

पण विनोद तिथे संपला. सध्या कासवांचा अंडी घालण्याचा काळ आहे. अंडी आत्ता, या क्षणी, त्या रेतीत आहेत. आणि काठावर खडीचे ढीग येऊन पडले आहेत. हे मी आज सकाळी स्वतः पाहिलंय.

मॅडमनी अहवाल वाचला त्याच दिवशी बांधकाम विभागाला पत्र लिहिलं. पडदा म्हणजे काय, ठिपके का सरकवले, खरी जागा बघायला कुणी यावं, मी स्वतः दाखवते, सगळं त्यात होतं. पत्र मी टाइप केलं आहे, म्हणून सांगते. नियमाप्रमाणे ते संचालकांच्या सहीसाठी वर गेलं. वर गेलं ते वरच राहिलं. मॅडमनी आठवण करून दिली. सर म्हणाले, "आपला डेटा खुला आहे. पुढे कोण काय करतं ही आपली जबाबदारी नाही." दारात फाइल घेऊन मीच उभी होते, त्यामुळे हे ऐकीव नाही.

सर, तुम्ही पाणी घ्या. माझं अजून थोडं आहे.

मग वर्तमानपत्रात फलकाचा फोटो आला, शहर हसायला लागलं, आणि जबाबदारी कुणाची हा प्रश्न अचानक महत्त्वाचा झाला. तेव्हा संग्रहालयाने काय सांगितलं? सांगितलं, की जागा बदलून दाखवण्याचा निर्णय पडताळणी प्रमुखांचा. आणि गैरवापर टाळण्यासाठी पुढच्या महिन्यापासून नकाशा जनतेला बंद. संकेतस्थळावर लिहायचं, 'देखभालीसाठी'.

देखभाल कसली? कुणाची? चूक केली वाक्य गाळणाऱ्यांनी. पत्र अडवलं तुम्ही. आणि दार बंद करायचं कुणाच्या तोंडावर? या भिंतीशी उभ्या असलेल्यांच्या? यांनी तुमच्याकडे काही मागितलं आहे का कधी? दाताच्या डॉक्टर ताई दवाखाना उघडायच्या आधी काठाने एक फेरी मारतात आणि जे दिसेल ते पाठवतात. पोस्टातून निवृत्त झालेले आजोबा गुडघे दुखत असताना उतार उतरतात. यांचं पाहिलेलं तुम्ही इतकी वर्षं घेतलंत, त्यावर निबंध लिहिलेत, परिषदांना गेलात, मागच्या भिंतीवरची ती मानचिन्हं मिळवलीत. आणि आता ते त्यांनाच बघायला मिळणार नाही? ज्यांनी दिलं त्यांनाच?

चिठ्ठी मिळाली, दादा. 'वेळ' असं लिहिलंय. वाचली.

मला भीती दाखवायची गरज नाही, मी आधीच घाबरलेली आहे. सेवानियम मला पाठ आहे: कर्मचाऱ्याने संस्थेच्या कारभाराबद्दल बाहेर बोलू नये. मी बाहेर बोललेले नाही. सभागृह संग्रहालयाचं आहे, अध्यक्षस्थानी संचालक आहेत, माझं नाव संचालकांच्याच कार्यालयाने छापलं आहे, आणि समोरच्या प्रत्येकाला निमंत्रण त्यांच्याच सहीचं आहे. मी काल तो नियम तीनदा वाचला. सर, तुम्हीही एकदा वाचा, मग माझ्यावर काय ती कारवाई करा.

पण आज मी सगळ्यात जास्त कुणावर रागावले असेन तर मॅडम, तुमच्यावर.

हो, तुमच्यावर. आम्हाला एकेका ठिपक्यासाठी रडवलंत. चिमणी पाठवली तरी "मादी कशावरून?" म्हणून विचारलंत. आणि एवढा मोठा खोटा अहवाल तुमच्या नावावर लावला, तेव्हा तुम्ही सही करून मोकळ्या झालात? मी तुम्हाला जेवणाच्या सुट्टीत विचारलं, "मॅडम, तुम्ही भांडत का नाही?" तुम्ही डब्याचं झाकण लावत म्हणालात, "आपलं काम नोंदवणं. भांडणं आपलं काम नव्हे. आणि सेवेत असताना बोलता येत नाही." मी म्हटलं, "मग अंड्यांचं काय?" तुम्ही म्हणालात, "चल, सुट्टी संपली."

तुमच्याकडून मी असं उत्तर कधी ऐकलं नव्हतं, मॅडम.

रागाची किंमत मला माहीत नाही असं कुणी समजू नये. माझे बाबा सेंट्रिंगचं काम करतात, काँक्रीटला साचे बांधतात. त्या भिंतीचं काम त्यांच्याच ठेकेदाराला मिळालंय. परवा जेवताना बाबा म्हणाले, "तू खुर्चीवर बसून कासवं तपासतेस, तुला पगार. मी तिथे भिंत बांधणार, मला मजुरी. एकाच काठावर दोघांचं भागायला काय हरकत होती गं?" आई म्हणाली, "हिला विचारताय? ही आपल्या बापाचीही पावती मागेल." आम्ही हसलो. मग बाबा हात धुवायला उठले. काम थांबलं तर त्यांचा तो हंगाम जाणार आहे. हे मला वाटत नाही, हे मला माहीत आहे. तरी मी इथे उभी आहे.

आता मुद्द्याचं. उद्या सकाळी नगरसभागृहात या कामावर जाहीर सुनावणी आहे. त्यानंतर काम सुरू होईल किंवा थांबेल. तिथे कुणीही नागरिक बोलू शकतो. आणि हे निरीक्षक जाणार आहेत. आजोबा जाणार आहेत, डॉक्टर ताई, ड्रायव्हरकाका जाणार आहेत. आपापल्या पाहिलेल्या खऱ्या जागा ते बंद पाकिटात सुनावणी अधिकाऱ्यांच्या हातात देतील, म्हणजे पकडणाऱ्यांना त्या कळायच्या नाहीत. असं चालतं का, हे मी त्यांच्या कार्यालयाला लेखी विचारलं आणि लेखी 'हो' आलं आहे. जागा ज्यांच्या त्यांनी सांगायच्या, त्यामुळे आपल्या संस्थेचा एकही नियम मोडत नाही.

मग अडतंय कुठे? आजोबा उभे राहतील आणि म्हणतील, मी कासव पूर्वेच्या काठावर पाहिलं. साहेब नकाशा उघडतील आणि म्हणतील, आजोबा, तुमच्या नावाचा ठिपका तर कापड बाजारात आहे. तेव्हा खोटं कोण ठरेल? आजोबा! इतकी वर्षं खरं तेवढंच पाठवलेला माणूस भर सभेत स्वतःच्याच नोंदीमुळे खोटा पडेल. साहेब, मान हलवू नका, तुम्ही हेच विचारणार. विचारायलाच हवं. तुमच्या जागी मी असते तर मीही विचारलं असतं.

आणि त्या वेळी उठून, 'थांबा, तो ठिपका मी सरकवला, का सरकवला ते ऐका,' असं म्हणू शकणारी एकच व्यक्ती आहे. मी नाही म्हणू शकत. मी सेवेत आहे, आणि पडदा माझ्या आधीचा आहे. ते ज्यांनी ठरवलं त्यांनीच सांगायला हवं.

मॅडम, मघाशी तुम्ही ओळखपत्र परत दिलंत. संचालकांनी ते टाळ्यांच्या गजरात घेतलं. आता तुम्ही कुणाच्या सेवेत नाही. तो नियम तुम्हाला लागू नाही. तुम्हाला घालवायची यांना एवढी घाई झाली, की सुनावणीच्या आदल्याच दिवशी त्यांनी तुम्हाला मोकळं केलं. त्यांच्या ते लक्षात आलं नसावं. हे दुसऱ्या रकान्यातलं.

तुमचं उद्या सकाळचं बहिणीकडे जायचं तिकीट काढलेलं आहे, हेही मला ठाऊक आहे. तिकीट परत करता येतं. अंडी परत करता येत नाहीत. मी तुम्हाला शिकवत नाही, मॅडम. मी विनंती करतेय. आणि रागावून करतेय, कारण साधेपणाने केली होती तेव्हा तुम्ही डब्याचं झाकण लावलंत.

संपवते. हा कार्यक्रम ठेवल्याबद्दल संचालक सरांचे आभार. शेवटपर्यंत बसून राहिल्याबद्दल अभियंता साहेबांचे आभार. मला वाटलं होतं तुम्ही मध्येच उठाल. पायांना कळ लागली तरी उभे राहिलेल्या निरीक्षकांचे आभार, आणि त्यांना 'इतर' म्हटल्याबद्दल संस्थेच्या वतीने, मला अधिकार नसताना, मी क्षमा मागते. माझ्या बोलण्यात एखादी गोष्ट चुकीची आली असेल तर खाली आल्यावर मला दाखवून द्या. मी ती इथेच, याच माइकवर दुरुस्त करीन. कुणाचा मान राखण्यात उणं पडलं असेल तर लहान समजून पोटात घाला. आवाज चढला, त्याबद्दल मात्र मी...

काय म्हणालात, मॅडम? जरा मोठ्याने. शांत राहा ना मागे, मॅडम काहीतरी विचारताहेत.

दहाला, मॅडम. बोलणाऱ्यांनी नाव आधी नोंदवायचं असतं, दारापाशीच.

धन्यवाद.